दिवसा दिवे लावणारी घरे

वीजबचतीचा उपदेश या देशात नेहमी वरून खाली वाहत आलेला आहे. ज्यांच्या घरी खोलीगणिक वातानुकूलन यंत्र आहे, असे मंत्री आणि अधिकारी दोन दिवे व एक पंखा बाळगणाऱ्या नागरिकाला खोलीबाहेर पडताना बटण बंद करण्याची आठवण करून देतात. उपदेश वाईट नाही. वीज कोळशातून येते आणि कोळसा कोणाच्या तरी गावाखालून व रानाखालून उकरला जातो, हे शहरातल्या गरिबानेही ध्यानी ठेवावे असेच आहे. मात्र मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींत हा उपदेश केला, तर ऐकणाऱ्या गृहिणीला हसू येईल. तिच्या घरात भर दुपारी बारा वाजताही दिवा लावल्यावाचून तांदूळ निवडता येत नाहीत.

नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंड ही नावे मुंबईबाहेरच्या कार्यकर्त्यांना कदाचित परिचित नसतील. रेल्वेरुळांच्या कडेला, रस्त्यांच्या रुंदीकरणात आणि नाल्यांच्या काठी ज्यांच्या झोपड्या आड येत होत्या, अशा हजारो कुटुंबांना नव्या शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेच्या एम-पूर्व विभागातील या वसाहतींत आणून बसविण्यात आले. याच विभागात देवनारची कचराभूमी आहे. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्वांत तळाचा विभाग म्हणून नोंदला गेला तो हाच. २२५ चौरस फुटांचे पक्के घर मिळाले, संडास घरात आला, नळ घरात आला, पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री धरून बसण्याचे संपले. ही सुधारणा खरी आहे आणि ती हिणविण्याचा अधिकार पक्क्या घरांत जन्मलेल्या टीकाकारांना नाही. परंतु या सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरवर उभ्या केल्या गेल्या. दोन माणसांनी समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांब केले तर मध्ये फारसे काही उरणार नाही, इतके हे अंतर आहे. वरचे मजले सोडले तर उन्हाची तिरीप घरात शिरत नाही.

मग जे व्हायचे तेच झाले. दोन इमारतींमधल्या त्या अरुंद बोळात कोणाचे येणेजाणे नाही, झाडलोट करणे कोणाच्या जबाबदारीत लिहिलेले नाही, कचरा उचलणारी गाडी तेथवर पोचत नाही. वरून टाकलेला कचरा खाली साचू लागला. कचऱ्यापाठोपाठ घूस आणि डास आले, दुर्गंधी आली, आणि दुर्गंधीसाठी खिडक्या बंद झाल्या. ज्यांनी दुर्गंधीला दाद दिली नाही, त्यांनी लाजेपायी बंद केल्या, कारण समोरच्या घरातील माणसाची नजर थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर पडते. खिडकी बंद झाली की दिवा लागतो आणि पंखा फिरू लागतो. वीजबिलाची गोष्ट येथून सुरू होते.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसह येथील वसाहतींची पाहणी करून २०१८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. इमारतींची दाटी, घरात न पोचणारा सूर्यप्रकाश, न खेळणारी हवा आणि क्षयरोगाचा प्रादुर्भाव यांचा परस्परांशी संबंध आहे व खालच्या मजल्यांवर स्थिती अधिक बिकट आहे, असे त्यातून पुढे आले. पाहणीला पैसा पुरविला होता एमएमआरडीएच्या पर्यावरण सुधार सोसायटीने. ज्या प्राधिकरणाने माणसे येथे आणून वसविली, त्याच्याच पैशातून हे सिद्ध व्हावे, यातला उपरोध वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास मुंबईतील अशा घरांचा दुसऱ्या अंगाने अभ्यास झाला. मिना सुनिक्का-ब्लँक, रोनिता बर्धन आणि अनिका नसरा हक या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घरगुती विजेचा वापर आणि स्त्रियांचे दैनंदिन जीवन यांची सांगड घातली. झोपडीतून इमारतीत गेल्यावर विजेचा वापर वाढतो, आणि त्यामागे वाढलेल्या उत्पन्नापेक्षा बदललेली रचना आहे, असा त्याचा रोख आहे. वस्तीत उंबऱ्याबाहेरचा हातभर ओटा हे स्त्रीचे दुसरे घर असते. धुणे, भांडी, निवडणे-टिपणे, शिवणकाम, मुलांचा अभ्यास, शेजारणीशी बोलणे हे सारे तेथे उजेडात आणि वाऱ्यावर चालते, आणि त्या उजेडाचे बिल येत नाही. इमारतीत ओटा गेला. उरला तो काळोखा मधला मार्ग, दोन्हीकडे बंद दारे. कामे आत आली, बाई आत आली, आणि दिवसभर बाई आत असल्यामुळे दिवा, पंखा व दूरचित्रवाणी संचही दिवसभर चालू राहिले. ऊर्जातज्ज्ञ याला 'मागणीतील वाढ' म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर पूर्वी फुकट मिळणारा सूर्य आणि वारा आता मीटरमधून विकत घ्यावा लागतो.

हिशेब कठीण नाही. शाखेच्या फळ्यावर कोणाही कार्यकर्त्याला तो मांडून दाखवता येईल. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. तो दिवसाला वीस तास फिरला तर महिन्याला ४५ युनिट होतात. असे दोन पंखे म्हणजे ९०. वीस वॅटची नळी दिवसाउजेडी दहा तास पेटत ठेवावी लागली की आणखी सहा. रात्रीचे दिवे, लहानसा फ्रीज आणि दूरचित्रवाणी संच धरले की आकडा शंभर युनिट ओलांडून बराच पुढे जातो. महाराष्ट्रातील घरगुती वीजदराची पहिली पायरी शंभरावर संपते. त्यापुढच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणजे ज्या कुटुंबाचे घर नियोजनकाराने अंधारे बांधले, त्याच कुटुंबाला वीजनियामक चढ्या दराच्या पायरीवर उभे करतो. खिडकी उघडता आली आणि दोन्ही पंखे आठ तास जरी थांबवता आले, तरी महिन्याला ३६ युनिट वाचतात. दिवा बदलून इतके कधीच वाचणार नाहीत.

तीन मीटरचे हे अंतर काही निसर्गनियमाने ठरलेले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली, परकीय राजवटीत, शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. कोनाची भूमिती सोपी आहे : समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असता कामा नये, म्हणजे तळमजल्यावरील खोलीलाही आकाश दिसते. ट्रस्टची थोरवी गाण्याचे कारण नाही. त्याने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा इतिहास आहे. तरीही त्या नियमाने मोजले तर बावीस मीटर उंचीच्या दोन इमारतींमध्ये अकरा मीटर जागा लागेल. स्वतंत्र भारतात, लोकनियुक्त शासनाने मंजूर केलेल्या नकाशांनुसार, गरिबाला मिळाली तीन मीटर. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने प्लेगच्या भयाने जे मान्य केले, ते लोकशाहीने क्षयरोगाच्या साक्षीनेही मान्य केलेले नाही.

हे अंतर का आटले, याचे उत्तर अर्थकारणात आहे. १९९५ च्या निवडणुकीत चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. शासनाने स्वतः पैसा घालायचा नाही, विकासकाने गरिबांची घरे बांधायची आणि त्या बदल्यात मिळणारे चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क खुल्या बाजारात विकायचे, ही त्यामागची युक्ती. मोफत घर कोणी तरी पैसे दिल्यावाचून होत नाही. ते पैसे येथे मोकळ्या जागेतून दिले गेले. गरिबांची घरे जितकी कमी जमिनीवर रचता येतील, तितकी विकासकाच्या हाती जमीन किंवा हक्क उरतो. म्हणून नियमावलीतच पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागांच्या अटींत सवलत देण्यात आली आणि दाटीची कमाल मर्यादा ठेवण्याऐवजी किमान मर्यादा ठेवली गेली. २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीत ती हेक्टरी ६५० सदनिकांची आहे. पाच माणसांचे कुटुंब धरले तर हेक्टरी सव्वातीन हजार माणसे, आणि तीही किमान! शासन ज्याला सवलत म्हणते ती सवलत विकासकाला मिळाली. तिचा हप्ता रहिवासी दरमहा वीजबिलातून फेडत आहे आणि हा हप्ता कधी संपणारा नाही.

केंद्र सरकारने ऊर्जाबचतीसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले. २०१४ साली ज्या दिव्याच्या खरेदीला ३१० रुपये मोजावे लागले, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळू लागला. हे बाजाराच्या जादूने झाले नाही. एका सार्वजनिक कंपनीने एकगठ्ठा मागणी नोंदवली म्हणून झाले. सार्वजनिक खरेदीची ताकद काय असते याचा इतका ठसठशीत पुरावा हाती असताना समाजवाद्यांनी त्याचा उच्चार क्वचितच केला, हे नवल आहे. दिव्यानंतर पाळी पंख्याची होती. केवळ तीस वॅटवर चालणारे नव्या बनावटीचे पंखे बाजारात आहेत. वीस तासांच्या हिशेबाने असा एक पंखा महिन्याला २७ युनिट वाचवतो. पण त्याची किंमत साध्या पंख्याच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि रोजंदारीवर जगणारे कुटुंब तीन वर्षांच्या बचतीचा विचार करून आज दुप्पट पैसे काढू शकत नाही. त्याच सार्वजनिक कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात एक कोटी पंख्यांची योजना जाहीर केली. पुनर्वसन वसाहतींतील रहिवाशांना हे पंखे बिलातून हप्त्याने मिळावेत, ही मागणी आजच्या आज लावून धरता येण्याजोगी आहे.

तथापि पंख्यावर थांबणे म्हणजे शासनाचीच चूक पुन्हा करणे होय. चांगला पंखा कोंदट हवाच फिरवतो.

समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हेही परखडपणे तपासले पाहिजे. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी वाजविली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे चालणाऱ्या हजारो स्त्रियांच्या मागण्यांत रॉकेल होते. इंधनाचा प्रश्न हा चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा प्रश्न आहे, हे त्या चळवळीने ओळखले होते. पुढे नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत, नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील जमिनीसाठी लढून, सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. सामान्य माणसाची घरे विकासकाच्या मेहेरबानीवाचून बांधता येतात, हे त्यातून दिसले. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्दबातल करून घेतला. त्यानंतर मात्र विजेविषयीची डाव्या पक्षांची सारी भाषा दराभोवती घोटाळत राहिली. दरवाढ रद्द करा, इतके युनिट माफ करा, थकबाकी माफ करा. या मागण्या न्याय्य आहेत. पण शंभर युनिट माफ झाले आणि घराने दीडशे जाळले, तर वीजकंपनीचे नुकसान शून्य, शासनाच्या तिजोरीला भार, आणि बाईच्या खोलीत अंधार तो अंधारच. माफीची रक्कम दरवर्षी द्यावी लागते; खिडकी एकदाच उघडावी लागते.

वस्तीत काय करता येते, याचे काही दाखले समोर आहेत. नटवर पारेख कंपाउंडमध्येच रहिवासी आणि वास्तुरचनाकारांचा एक गट यांनी मिळून इमारतींमधील काही बोळ कचऱ्यातून मोकळे केले, भिंती रंगविल्या, मुलांसाठी वाचनालय उभे केले. वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन सुशोभीकरण म्हणून केले. वास्तविक बोळ स्वच्छ झाला की दुर्गंधी जाते, दुर्गंधी गेली की खिडकी उघडते आणि खिडकी उघडली की पंखा थांबतो. सफाईची ही मोहीम कोणत्याही ऊर्जाखात्याच्या दप्तरात नोंदली गेली नसेल, पण तिच्याइतकी स्वस्त ऊर्जायोजना दुसरी सापडणार नाही. भिंतींना फिका रंग दिला तर अरुंद बोळातही थोडा उजेड खाली परावर्तित होतो. समोरासमोरच्या खिडक्यांना जाळीचा आडोसा लावला तर लाज राखूनही हवा घेता येते. ही कामे क्षुल्लक दिसतात. ती कोणा एका कुटुंबाला एकट्याने करता येत नाहीत, यातच त्यांचे राजकीय महत्त्व आहे.

अहमदाबादचे उदाहरण अधिक दूरवर जाणारे आहे. 'सेवा' या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेतून १९९४ साली महिला हाउसिंग ट्रस्ट निघाला. वीजकंपनी जमिनीच्या मालकीचा कागद मागे आणि झोपडीत तो नसे; परिणामी वस्त्या मध्यस्थांच्या बेकायदा तारेवर जगत आणि मीटरवाल्यापेक्षा महाग वीज घेत. मालकीहक्क आणि वीजजोडणी यांची फारकत करण्यासाठी ट्रस्टने महापालिका व वीजकंपनी या दोघांशी वाटाघाटी केल्या आणि वस्त्यांत मीटर नेले. त्यानंतर वस्तीतल्याच स्त्रियांना घराघरांतील विजेचा हिशेब तपासण्याचे शिक्षण दिले. २०१० च्या मे महिन्यात त्या शहरात आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले असे पुढील अभ्यासात दिसून आले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम निघाली. मुंबईच्या पुनर्वसन इमारतींत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना उजेड मिळतो, पण तापलेली स्लॅब त्यांच्या डोक्यावर असते. तेथे गच्चीवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा थर देणे एका उन्हाळी रविवारचे श्रमदान आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी याहून कठीण कामे पार पाडली आहेत.

गच्चीचा विषय निघाला की सौर ऊर्जेचा निघतोच, आणि तेथे आशेपेक्षा गणित आधी मांडलेले बरे. एक किलोवॅटच्या पट्ट्यांना सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्या दिवसाला साधारण चार युनिट देतात. पाण्याच्या टाक्या व लिफ्टची खोली वगळून गच्चीवर हजार चौरस फूट मिळाले, तर दहा किलोवॅट बसतील. महिन्याला बाराशे युनिट. शंभर घरांत वाटले तर घरटी बारा. 'मोफत वीज घराघरात' ही २०२४ ची घोषणा स्वतंत्र बंगल्याच्या छपराकडे पाहून केलेली आहे. शंभर कुटुंबांत एक गच्ची असणाऱ्यांकडे पाहून नव्हे. मात्र याच योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपयांचे अनुदान आहे, आणि लिफ्ट, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे यांच्यासाठी बाराशे युनिट फार मोलाचे आहेत. ज्या इमारतीत सामायिक बिल थकल्यामुळे लिफ्ट बंद पडते, त्या इमारतीतील सातव्या मजल्यावरच्या गरोदर बाईला किंवा म्हाताऱ्याला त्यांचे मोल कळते. त्यासाठी सोसायटीची सर्वसाधारण सभा वेळेवर भरली पाहिजे, हिशेब फलकावर लागले पाहिजेत, आणि देखभालीसाठी विकासकाने भरलेला निधी कोठे आहे हे विचारले गेले पाहिजे. बहुतेक ठिकाणी गाडे येथेच अडते. पदाधिकारी कोणाचे तरी हस्तक असतात आणि सभासदांना सभासदत्वाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

बोळ साफ करणे आणि गच्ची रंगविणे हे स्वयंसेवी संस्थांचे उद्योग असून त्यांनी संघर्षाची धार बोथट होते, असा आक्षेप काही साथी घेतील. त्यांनी लोहियांची आठवण ठेवावी. मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला त्यांनी फावडे ठेवले होते, आणि तिन्हींपैकी एकावर भागेल असे कधी म्हटले नव्हते. बोळ साफ करताना पहिला प्रश्न हाच निघतो की तो इतका अरुंद कोणी आणि कशासाठी ठेवला. ज्या वस्तीने स्वतःच्या विजेचा हिशेब स्वतः मांडला आहे, ती नियामकासमोरच्या सुनावणीत नुसती घोषणा देऊन परत येत नाही. ती कागद पुढे करते.

अशा कागदांची आता निकड आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्य शासनाने धारावीच्या पुनर्विकासाचा बृहत् आराखडा मंजूर केला. प्रकल्प-कंपनीत अदानी समूहाचा वाटा ऐंशी टक्के आणि शासनाचा वीस. जे धारावीकर अपात्र ठरतील त्यांच्यासाठी सुचविलेल्या जागांत देवनारची कचराभूमी आहे. म्हणजे पुन्हा तोच एम-पूर्व विभाग. मुंबईच्या उपनगरांतील मोठ्या भागाचे वीजवितरणही २०१८ पासून याच समूहाकडे आहे. घर बांधणारा आणि त्या घराला वीज विकणारा जेथे एकच असेल, तेथे घर उजेडी बांधण्यात त्याला कोणते हित दिसणार, हा प्रश्न विधिमंडळात विचारला गेला पाहिजे. निवासी इमारतींसाठी केंद्राची 'इको-निवास संहिता' २०१८ मध्ये आली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-षष्ठांश इतकी उघडणारी खिडकी असावी, असे ती सांगते. पण तिचा भर इमारतीच्या बाह्य आवरणावर आहे. दोन इमारतींमधील अंतर हा राज्याच्या विकास नियमावलीचा विषय आहे, आणि त्या नियमावलीत पुनर्वसनाच्या इमारतींना दिलेली सूट कायम आहे. ही सूट रद्द करावी, संहिता पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीला बंधनकारक करावी, आणि तळमजल्यावरील खोलीत दुपारी दिव्याविना वाचता येते की नाही याची तपासणी झाल्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, या तीन मागण्या घेऊन एम-पूर्व विभागातील शाखांनी सोसायटीनिहाय बैठका सुरू कराव्यात. बैठकीला येताना प्रत्येक घराने गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणावीत आणि कितव्या मजल्यावर राहतो ते त्यांवर लिहून द्यावे.